चालीचा कर्ता : केशवराव भोळे

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर नांवाचें एक लहानसें गांव आहे. महानुभाव पंथीयांस तें काशीच्या ठिकाणीं. आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास ज्यानें थोडासा चाळला असेल त्यासही तें परकें वाटूं नये. श्रीगोविंदप्रभूंचें वास्तव्य येथेंच होतें. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्यादि शिष्यमंडळी येथेंच येऊन राहिली, आणि स्वामींच्या आठवणी एकत्र करून म्हाइंभटांनीं 'लीळाचरित्र' हा मराठींतील आद्य चरित्रग्रंथ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथेंच सिद्ध केला. ह्याच मंडळींत महदाइसा होती. गोविंदप्रभूंच्या मनांत एकदां लग्नाची लहर आली. भक्तांनीं लग्नाचा थाट मांडला. आणि प्रभूंच्या आज्ञेवरून महदाइसेनें श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे म्हटले. मराठींतील आद्य कवयित्री म्हणून आपण जिचा गौरव करतों, तिचें काव्य अशा रीतीनें जन्मास आलें. तें लिहिलें जाण्यापूर्वीं गाइलें गेलें.

पुढें तें लिहिलें गेलें, आणि फार जपून लिहिलें गेलें. पंथाच्या लेखकांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरले, शतकानुशतकें मठांत राखले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या लिप्यांचा उलगडा होऊं लागला तेव्हां तें सारें भांडार महाराष्ट्रापुढें आलें. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नंतर डॉ. वि. भि. कोलते, अशा विद्वानांनीं त्याचें संशोधन केलें. आज 'धवळे' विद्यार्थ्याच्या हातांत छापील पुस्तकाच्या रूपानें असतात. शब्द आहे, पाठभेद आहेत, टीपा आहेत. परंतु त्या दिवशीं रिद्धपूरच्या मांडवांत महदाइसेनें हे शब्द कोणत्या सुरांत म्हटले? छंद ओंवीच्या जवळचा आहे एवढें सांगतां येतें. चाल सांगतां येत नाहीं. जिनें तें काव्य ऐकणाऱ्यांच्या अंतःकरणांत उतरविलें ती अर्धी बाजू कायमची हरपली. शब्दाला आपल्या लोकांनीं एक सोडून अनेक लिप्या दिल्या. सुराला मात्र भातखंडे आणि पलुस्कर यांच्या काळापर्यंत रूढ अशी स्वरलिपि मराठींत नव्हती.

हें सर्व सांगण्याचें कारण असें कीं, ज्या जिल्ह्यांत हे धवळे गाइले गेले त्याच जिल्ह्यांत सुमारें सहाशें वर्षांनीं एक असा मनुष्य जन्मास आला कीं, जुन्या शब्दांना नव्यानें चाल देणें हेंच ज्याचें जीवितकार्य झालें. त्याचें नांव केशव वामन भोळे. त्यानें दिलेल्या चाली महाराष्ट्राच्या कानांत आहेत. त्याचें नांव मात्र आमच्या अमरावतींतही थोड्यांसच ठाऊक असतें. असें कां व्हावें, आणि यांत त्याची हार आहे कीं जीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषयाकडे मी वळलों तो एका लहानशा प्रसंगामुळें. कांहीं वर्षांमागें विद्यार्थ्यांस घेऊन रिद्धपुरास गेलों असतां परततांना वाटेंतल्या एका खेड्यांत मुक्काम पडला. रात्रीं भजन होतें. वऱ्हाडांतल्या खेड्यांत भजनी मंडळ नाहीं असें गांव विरळा. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनें हा प्रदेश दुमदुमलेला आहे. एका वृद्ध गृहस्थांनीं झाडाच्या रूपकाचा एक अभंग इतक्या तन्मयतेनें म्हटला कीं मुलेंही शांत बसलीं. "तुकोबाचा हाय जी," असें त्यांनीं मला शेवटीं सांगितलें. मी ओळखलें कीं तो 'संत तुकाराम' ह्या बोलपटांतला आहे. गाथेंत तो नाहीं. तो शांताराम आठवले यांनीं त्या चित्रपटाकरितां रचला, आणि भल्याभल्यांस तो तुकोबांचाच वाटला. आठवल्यांच्या ह्या यशाची कथा आतां बरीच प्रसिद्ध आहे. त्या रात्रीं माझ्या मनांत आलें तें वेगळेंच : ते शब्द जर तुकोबांचे म्हणून खपले, तर ती चालही वारकऱ्यांची म्हणून खपली असली पाहिजे. शब्दाचा कर्ता निदान शोधून तरी काढला गेला. चालीच्या कर्त्याची चौकशी कोणी केली?

केशवरावांचा जन्म १८९६ सालीं अमरावतीस झाला. वऱ्हाड तेव्हां निजामाचें असून कारभार इंग्रजांचा होता, आणि कापसाच्या पैशानें 'सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण सार्थ झाली होती. पुढल्याच वर्षीं, १८९७ त, राष्ट्रीय सभेचें अधिवेशन अमरावतीस भरलें. दादासाहेब खापर्डे यांच्यासारख्या रसिक पुढाऱ्याच्या ह्या गांवीं राजकारण आणि नाटक हीं दोन्हीं सारख्याच आवडीनें चघळलीं जात. अशा गांवांतून हा तरुण वैद्यकी शिकण्यास म्हणून मुंबईस गेला. आणि मुंबईनें त्याला वैद्य होऊं दिलें नाहीं. शहरांत गाणें पुष्कळ होतें, आणि ह्याच्या कानांस त्याची भूक होती.

तो काळ संगीत नाटकाच्या वैभवाचा आणि त्याबरोबरच त्याच्या विकाराचा होता. १९११ चें 'मानापमान' व १९१६ चें 'स्वयंवर' यांच्या पदांस गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांनीं ज्या चाली दिल्या त्यांनीं रागदारी घरोघर पोंचविली, हा उपकार लहान नव्हे. परंतु वन्समोअरच्या नादांत पद वाढत गेलें आणि प्रसंग आटत गेला. शोकानें व्याकुळ झालेली नायिका तान संपेपर्यंत शोक थांबवून धरी. भोळे यांस हें खुपत होतें. त्यांनीं आधीं लेखणी हातीं धरली. 'एकलव्य' आणि 'शुद्ध सारंग' ह्या टोपणनांवांनीं त्यांनीं संगीतावर टीकालेख लिहिले. 'आजचे प्रसिद्ध गायक' व 'संगीताचे मानकरी' हीं त्यांचीं पुस्तकें प्रसिद्ध आहेत. गुरूनें न शिकविलेला पण ऐकून ऐकून शिकलेला, असा एकलव्य त्यांनीं आपल्यासाठीं निवडला, यांत त्यांच्या स्वभावाचा विनय आणि अभिमान दोन्हीं दिसतात.

टीकाकारास एक दिवस 'मग तुम्हीच करून दाखवा' असें आव्हान येतेंच. तें १९३३ त आलें. 'नाट्यमन्वंतर' ह्या संस्थेनें १ जुलै १९३३ रोजीं 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक मुंबईस रंगभूमीवर आणलें. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकावरून तें श्री. वि. वर्तक यांनीं रचिलें होतें. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या. केशवरावांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई त्यांत होत्या. संगीत भोळ्यांचें. गाणीं थोडीं, तींही भावगीतासारखीं आटोपशीर, आणि घरांत एखाद्या बाईनें स्वतःशीं गुणगुणावें तशीं प्रसंगांत विरघळलेलीं. पदासाठीं नाटक थांबत नाहीं हें त्या दिवशीं प्रेक्षकांनीं पाहिलें. संस्था दीर्घायुषी झाली नाहीं. पण भोळ्यांचा सिद्धांत प्रयोगानें सिद्ध झाला होता, आणि त्याला मोठें क्षेत्र लगेच मिळालें.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ त कोल्हापुरास स्थापन झाली आणि १९३३ त पुण्यास आली. तिचा पहिला बोलपट, १९३२ चा 'अयोध्येचा राजा', गोविंदराव टेंब्यांच्या संगीतानें नटलेला होता. १९३४ च्या 'अमृतमंथना'पासून भोळे प्रभातचे संगीत-दिग्दर्शक झाले. आजच्या वाचकानें त्या कामाची कल्पना नीट करून घेतली पाहिजे. रंगभूमीवरील पदास वेळेचें बंधन नव्हतें. येथें फीत मिनिटास नव्वद फूट ह्या वेगानें धांवत होती आणि तिचा प्रत्येक फूट पैशाचा होता. रंगभूमीवर गायकाचें तोंड दुरून दिसे. येथें कॅमेरा त्याच्या डोळ्यांपाशीं येऊन ठेपे, आणि तान घेतांना वाकडा होणारा चेहरा सर्वांस दिसे. एकानें गावें आणि दुसऱ्यानें ओठ हलवावे ही युक्ति कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें १९३५ त आणली. प्रभातच्या त्या काळच्या चित्रांत मात्र गाणारें आणि दिसणारें माणूस बहुधा एकच असे. म्हणून चाल अशी हवी कीं ती त्या पात्राच्या तोंडीं शोभेल, दोन-तीन मिनिटांत आपलें म्हणणें पुरें करील, आणि चेहऱ्यावरचा भाव पुसणार नाहीं. टीकाकार 'एकलव्य' जें तत्त्व म्हणून सांगत होता तेंच ह्या नव्या यंत्रानें गरज म्हणून मागितलें.

ह्या मेळाचें उत्कृष्ट फळ म्हणजे १९३६ चा 'संत तुकाराम'. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेंत विष्णुपंत पागनीस, जे पूर्वीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. मुंबईस हा बोलपट वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ त व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. ह्या चित्रपटाच्या आरंभींच एक गोष्ट अशी घडते कीं तिजकडे संगीताच्या दृष्टीनें फारसें कोणी पाहत नाहीं. तुकोबा एक अभंग म्हणत आहेत : साधा, सरळ, जणूं श्वासाबरोबर येणारा. लगेच आपणांस देवळांत सालोमालो दिसतो. तोच अभंग, तेच शब्द. पण तो त्यांवर हरकतींची आणि नखऱ्याची आरास करून, श्रोत्यांकडे डोळे लावून गातो. अभंग चोरीचा आहे हें आपणांस कथेवरून मागाहून कळतें. कानाला तें अगोदरच कळलेलें असतें. एका शब्दाचाही फरक न करितां, केवळ चालीनें, एक मनुष्य भक्त आणि दुसरा भोंदू ठरतो. संगीत-दिग्दर्शकानें चरित्रचित्रण करावें म्हणजे काय, याचें ह्याहून नेमकें उदाहरण मला मराठी चित्रपटांत दाखवितां येणार नाहीं.

येथें शास्त्रीय संगीताचा अभिमानी वाचक आक्षेप घेईल, आणि तो ऐकण्यासारखा आहे. अलंकार जर लबाडाच्या तोंडीं घातला आणि साधेपणा जर साधूच्या, तर बुवांच्या पिढ्यांनीं कमावलेली विद्या ही दांभिकाची ठरली कीं नाहीं? चित्रपटानें लोकांस साध्या चालींची गोडी लावून रागदारीची वाट बंद केली, हा आरोप मीही तरुणपणीं मोठ्या आवेशानें करीत असें. परंतु आरोपी कोण हें पाहिलें म्हणजे जीभ अडखळते. गवयांच्या गायकीचें मर्म उलगडून सांगण्यासाठीं ज्यानें पुस्तकें लिहिलीं, तो अलंकाराचा शत्रू कसा असेल? सालोमालोच्या गळ्यांत जी वस्तु दोषास्पद आहे ती तान नव्हे. तिचा मोहरा देवाकडून फिरून टाळ्यांकडे वळला आहे, हा तो दोष. महफिलींत जी तान रागाचें रूप उभें करते तीच विठ्ठलापुढें स्वतःचें रूप दाखवूं लागते. भोळ्यांस हा भेद इतका सूक्ष्मपणें दाखवितां आला तो रागदारी त्यांस परकी नव्हती म्हणूनच. असें असलें तरी आक्षेपाचा एक अंश उरतोच. त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळांनीं त्यांचा साधेपणा उचलला आणि त्यामागची विद्या सोडून दिली, हें नाकारतां येत नाहीं. गुरूच्या संयमाचें रूपांतर शिष्यांच्या आळसांत व्हावें, ही गोष्ट कलेच्या इतिहासांत कांहीं नवी नाहीं.

संयमाची खरी कसोटी पुढल्याच वर्षीं लागली. १९३७ चा 'कुंकू' हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून घेतलेला. तरुण मुलीचें लग्न वृद्धाशीं लावून दिलें जातें आणि ती तें मान्य करण्याचें नाकारते, हा त्याचा विषय. ह्या चित्रांत पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केलें आहे. घरांतले, रस्त्यावरचे, वस्तूंचे जे आवाज स्वाभाविकपणें यावेत तेच येतात. आणि गाणें येतें तें पात्र खरोखर गात असेल तेव्हांच. ज्या घरांत कोणी कोणाशीं मनमोकळें बोलत नाहीं तेथें वाद्यमेळानें सांत्वन करणें म्हणजे खोटें बोलणें झालें असतें. ज्याचा व्यवसायच संगीत देण्याचा, त्यानें संगीत न देण्यास मान्यता द्यावी, ह्यास धैर्य लागतें. ह्याच चित्रपटांत शांता आपटे यांनीं लाँगफेलो ह्या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविता गाइली आहे. नायिका शिकलेली आहे, तेव्हां तिच्या तोंडीं ती शोभते. इंग्रजी शब्द मराठी गळ्यांतून काढतांना त्यांचें हसें होऊं न देणें हें काम मात्र चाल करणाऱ्याचेंच.

नंतर 'माझा मुलगा' (१९३८), 'संत ज्ञानेश्वर' (१९४०), 'संत सखू' (१९४१) हे चित्रपट आले. ह्यांपैकीं 'संत ज्ञानेश्वर' आमच्या विषयास विशेष जवळचा. ज्ञानेश्वरीचा काळ १२९०. म्हणजे रिद्धपूरच्या धवळ्यांच्या मागोमागचाच. त्या काळच्या सुरांची लेखी खूण म्हणून कांहींच उरलेली नाहीं. अशा वेळीं संगीतकार संशोधन करूं शकत नाहीं. त्याला विश्वास बसेल असें कांहीं निर्माण करावें लागतें. देवळांतलें भजन, दळणाऱ्या बायकांची ओंवी, कीर्तनकाराचा ठेका, हीं जीं गाणीं तोंडोतोंडीं चालत आलीं तींच त्याचा आधार. मागें वळून पाहतां असें वाटतें कीं, महदाइसेच्या हरपलेल्या चालीची जागा भरून काढण्याचा हा एक प्रामाणिक प्रयत्न होता. फक्त तो करणाऱ्यास तसें म्हणावेसें वाटलें नसेल.

प्रभातचें संगीत एकट्या भोळ्यांचें नव्हे. मास्तर कृष्णराव त्यांच्या बरोबरीनें तेथें होते. 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) यांचें संगीत त्यांचें. ह्याच कारखान्यांत वसंत देसाई उमेदवारी करून पुढें शांतारामांबरोबर राजकमलमध्यें गेले, आणि १९४६ च्या 'गोकुळ' पासून सुधीर फडके यांची कारकीर्द येथेंच सुरू झाली. देसाई आणि फडके यांचीं नांवें पुढल्या पिढ्यांस पाठ झालीं. भोळे मात्र चित्रपटाच्या धांदलींत फार काळ रमले नाहींत. ते पुन्हां लिहिण्याकडे वळले, आणि १९६४ त 'माझें संगीत : रचना आणि दिग्दर्शन' ह्या ग्रंथांत आपण कोणती चाल कां आणि कशी बांधली हें त्यांनीं स्वतःच नमूद करून ठेविलें. चाल करणारे पुष्कळ झाले. चालीचा हिशेब देणारा असा क्वचितच.

हा हिशेब किती मोलाचा आहे तें पुढील घटनेवरून कळेल. बोलपटाच्या यंत्रामुळें सूर अमर झाला असें आपण समजून चाललों होतों. 'आलमआरा' हा १९३१ चा पहिला हिंदी बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फितींस आग लागली, आणि प्रभातच्याही कांहीं मूळ फिती तींत गेल्या. ज्या आवारांत त्या चाली जन्मल्या त्याच आवारांत हें दहन झालें. 'संत तुकाराम' अन्य प्रतींच्या रूपानें आपल्यापाशीं आहे हें आपलें भाग्य. शाळकरी वयांत शेजाऱ्यांच्या ओसरीवर दाटीवाटीनें बसून दूरचित्रवाणीवर मीं तो प्रथम पाहिला. पागनीसांचा चेहरा, गौरीबाईंची आवली, शेवटचें विमान, सर्व लक्षांत राहिलें. आरंभीच्या नामावलींतलें माझ्याच गांवच्या माणसाचें नांव तेवढें लक्षांत राहिलें नाहीं.

आतां त्या भजनाच्या रात्रीकडे परततों. माझ्यांतला प्राध्यापक स्वस्थ बसेना. भजन संपल्यावर त्या वृद्ध गृहस्थांस मीं सांगितलें कीं अभंग आठवले यांचा, आणि चाल अमरावतीच्या केशवराव भोळे यांची, दोन्हीं सिनेमांतलीं. ते कांहीं वेळ टाळ पुसत राहिले. मग म्हणाले, "असन जी. लिवनारा कोनी बी असो; आमी त थो तुकोबालेच आयकोतो."

ह्या उत्तरावर मीं पुष्कळ विचार केला आहे. जी चाल आपल्या कर्त्यास विसरावयास लावते ती पूर्ण यशस्वी झाली, असें म्हणतां येईल. आणि मला वाटतें भोळ्यांनींही तें हंसून मान्य केलें असतें. पण त्या गृहस्थांनीं भोळ्यांस विसरणें वेगळें आणि आपण विसरणें वेगळें. त्यांचें काम गाण्याचें आहे. तें ते उत्तम करीत आहेत. लक्षांत ठेवण्याचें काम आपलें, आणि तें आपण एकदां रिद्धपुरास चुकलों आहों. रायगड-ठाण्याकडे आगरी समाजाच्या लग्नांत धवलारिणी अजून धवले गातात. वऱ्हाडांतही जात्यावरच्या आणि लग्नांतल्या चाली कांहीं वृद्ध स्त्रियांच्या गळ्यांत आहेत. रिद्धपुरास आतां मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालें आहे. तेथें पोथ्यांची काळजी घेतली जाईल याविषयीं मला शंका नाहीं. पोथ्यांच्या कपाटाशेजारीं चालींसाठीं एक कपाट असावें, त्यांत ह्या बायकांचा आवाज नोंदून ठेवावा, आणि 'माझें संगीत' ह्या ग्रंथाची एक प्रत त्याच्या पहिल्या फळीवर असावी, एवढीच विनंति आहे.